सगळे सांगतात म्हणजे किती जण सांगतात?

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या शाळेच्या आठवीच्या वर्गाची सहल कौंडण्यपूरला गेली होती. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि मराठी हे दोन विषय शिकवते. सहलीला कुठे जायचे यावर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. चिखलदऱ्याचा खर्च पालकांना झेपणारा नव्हता, म्हणून कौंडण्यपूर ठरले. मला मनातून आनंद झाला. कारण माझे आजोळ तिथून जवळच, वर्धा नदीच्याच काठावर आहे. माझे नाना मणियार होते. कार्तिकातल्या कौंडण्यपूरच्या यात्रेत त्यांचे बांगड्यांचे दुकान लागायचे. रुक्मिणीच्या माहेरच्या लेकीसुनांना बांगड्या भरल्या म्हणून वर्षभर बरकत राहते, असे ते म्हणायचे.

कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले लहानसे गाव. पण त्याचे नाव मोठे आहे. महाभारतातल्या विदर्भ देशाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. भीष्मक राजाची मुलगी रुक्मिणी इथली, नळराजाची दमयंती इथली, अज राजाची राणी इंदुमतीही इथलीच. इथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. १५९४ पासून ती जाते असे सांगितले जाते. म्हणजे माहेरची माणसे लेकीला भेटायला शेकडो मैल पायी निघतात. मला ही कल्पनाच फार गोड वाटते.

देऊळ पाहून झाल्यावर मुलांनी विचारले, "मॅडम, भुयार कुठे आहे?" भुयार म्हणजे कौंडण्यपूरहून थेट अमरावतीच्या अंबादेवीपर्यंत जाणारे भुयार. रुक्मिणी देवीच्या दर्शनाला त्या वाटेने जायची आणि तिथूनच श्रीकृष्णाने तिला रथात घेतले, असे अमरावतीकडचे लोक सांगतात. कौंडण्यपूरचे लोक म्हणतात, हरण झाले ते आमच्या इथल्या अंबिकेच्या देवळातून. भुयार असल्याबद्दल मात्र दोन्हीकडे दुमत नाही.

मी मुलांना म्हटले, इतिहासाचा विद्यार्थी विचारून घेतो. जा, विचारा. मुले चौघांकडे गेली : फुले विकणारी बाई, नावेवाला, एक निवृत्त गुरुजी आणि पारावर बसलेले एक म्हातारबुवा. चौघांनीही भुयार आहे असे सांगितले. चौघांनीही सांगितले की पूर्वी कुणीतरी आत बकरी सोडली होती आणि ती अमरावतीला निघाली. तोंड कुठे, हे मात्र प्रत्येकाने वेगळे दाखवले. एकाने देवळाखाली, एकाने नदीच्या दरडीत, एकाने टेकाडापलीकडे. स्वतः कुणी आत गेले होते का? नाही. कुणाच्या आजोबांनी पाहिले, कुणाच्या मामांनी. नावेवाला म्हणाला, "म्या सोताच्या डोयानं तोंड पायलं, पण आता त्याले गोटे लावून बंद केलं."

मुलांनी वहीत लिहिले : चार साक्षीदार, भुयार सिद्ध.

चाळीसेक किलोमीटर भुयार! आमच्या काळ्या मातीत साधी विहीर खोदली तरी बांधून काढावी लागते, नाहीतर दुसऱ्या पावसात ढासळते. पण ते जाऊ द्या. मला अडले ते वेगळ्याच जागी. नावेवाला खोटे बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, आमच्याकडून त्याला काही मिळायचेही नव्हते. त्याला ते तोंड खरोखरच आठवत होते.

कौंडण्यपूरच्या जमिनीखाली काहीच नाही असे मात्र नाही. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केले. १९६८ मध्ये त्याचा अहवाल महाराष्ट्र शासनाने छापला. काळ्या-तांबड्या मातीच्या भांड्यांपासून सातवाहन काळापर्यंतची वस्ती त्यात उजेडात आली. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुने नांदते गाव इथे होते, हे पक्के. गंमत अशी की या खऱ्या गोष्टीबद्दल चौघांपैकी एकही जण काही बोलला नाही. खापरांना गोष्ट नसते, भुयाराला असते. आणि जी गोष्ट चार माणसांत सांगता येते तीच आठवणीत टिकते.

आणखी एक पाहा. भीष्मकाची राजधानी आमची, असे सांगणारे फक्त वऱ्हाडी लोक नाहीत. अरुणाचल प्रदेशात दिबांग खोऱ्याच्या पायथ्याशी भीष्मकनगर नावाच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथले इदु मिश्मी लोक रुक्मिणी आपली मुलगी मानतात. पूर्वी त्यांच्यात कपाळावरून केस कापण्याची रीत होती आणि ती रुक्मीच्या पराभवाची खूण आहे अशी कथा सांगतात. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते. २०१८ पासून त्या जत्रेत ईशान्येकडच्या राज्यांची पथके वधूपक्ष म्हणून येतात. वऱ्हाडची माणसे हे ऐकून चिडतात. मला चिडावेसे वाटत नाही. दोन दूरची गावे वर्षातून एकदा भेटू लागली, एकमेकांना आपली गोष्ट सांगू लागली की दोघांच्याही गोष्टीत नवे तपशील येतात आणि दहा वर्षांनी ते जुनेच होते असे वाटू लागते. हे आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते.

सहलीहून आल्यावर सोमवारी मी वर्गात एक साधी गोष्ट केली. प्रत्येकाने एकट्याने लिहायचे : कौंडण्यपूरला काय पाहिले. मग चौघाचौघांचे गट करून पंधरा मिनिटे गप्पा. मग ते कागद बाजूला ठेवून पुन्हा एकट्याने लिहायचे. एका गटातल्या मुलीने गप्पांत सांगितले की पायऱ्यांजवळ दोन दगडी सिंह होते. मी स्वतः त्या पायऱ्या चढले होते. मला तरी सिंह दिसले नव्हते. नंतर मुलांनी मोबाइलवर काढलेले फोटो पाहिले, त्यांतही नव्हते. पण दुसऱ्या कागदावर त्या गटातल्या चौघांचेही सिंह उभे राहिले आणि एकाने तर एका सिंहाची शेपटी तुटल्याचे लिहिले. सगळ्यात सुंदर निबंध ज्या मुलाचा होता, तो मुलगा ताप आल्यामुळे सहलीला आलाच नव्हता. त्याला पहिला कागद कोरा ठेवायला सांगितले होते. दुसऱ्या कागदावर त्याने भुयाराचे तोंड आणि आतला गार वारा लिहिला होता. "तू होतास का तिथे?" मी विचारले. तो लाजला आणि म्हणाला, "मॅडम, आता असं वाटतंय की होतो."

बी. एड. ला मानसशास्त्राच्या पेपरात आम्ही बार्टलेट हे नाव एका ओळीत पाठ केले होते. आता ते नीट वाचले. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचे स्मरणावरचे पुस्तक १९३२ चे. त्यांनी अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि पुन्हा सांगायला लावली. एकाने सांगितलेली दुसऱ्याने ऐकायची, दुसऱ्याची तिसऱ्याने. फिरता फिरता कथेतली कोरीव होडी साधी नाव झाली आणि सीलची शिकार साधी मासेमारी झाली. म्हणजे ऐकणाऱ्याने आपल्या घरात जे बसते ते ठेवले आणि बाकीचे नकळत बदलून घेतले.

त्यानंतरचे प्रयोग आणखी टोकदार आहेत. २००१ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्वयंपाकघरासारख्या ओळखीच्या जागांची चित्रे दाखवली. मग दोघांनी मिळून आठवायचे. त्या दोघांतला एक प्रयोग करणाऱ्यांचाच माणूस असे. तो मधूनच चित्रात नसलेली वस्तू सांगे. पुढे दुसऱ्याला एकटे बसवून विचारले तर ती वस्तू त्याच्याही आठवणीत आलेली असे. जी वस्तू अशा जागी असायलाच हवी असे वाटते ती जास्त सहज शिरे. मला लगेच भुयार आठवले. जुने देऊळ आणि जुना किल्ला म्हटला की आपल्याकडे भुयार असायलाच हवे. २००३ मध्ये फिओना गॅबर्ट, अमिना मेमन आणि केविन अॅलन यांनी एकाच प्रसंगाच्या दोन बाजूंनी घेतलेल्या फिती दोघांना वेगवेगळ्या दाखवल्या. त्या दोघांना मात्र वाटे की आपण एकच फीत पाहिली. आपसांत बोलल्यानंतर शंभरातल्या एकाहत्तर जणांनी आपण न पाहिलेला निदान एक तपशील तरी पाहिला म्हणून सांगितला.

त्यांना कुणी दम दिला नव्हता की लालूच दाखवली नव्हती. ते नुसते बोलले होते.

इथपर्यंत मी ही गोष्ट मजेने वाचत होते. मग एका रात्री लक्षात आले की मीसुद्धा सहलीला न गेलेली मुलगी आहे.

आमच्या आजोळी पुराची एक आठवण आहे. खरे तर तो आमच्या घरचा एक वारसाच आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने आमच्या वरच्या अंगाचे, नागपूर जिल्ह्यातले मोवाड गाव धुऊन नेले. २०४ माणसे गेली. विदर्भात त्या वयाच्या कुणालाही मोवाड म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. आमच्या घरी सांगतात की त्याच रात्री नदी आमच्याही गावात शिरली. खालची गल्ली बुडाली. नानी मुलाबाळांना घेऊन अंधारात वर निघाली. शेजारच्या उंच जोत्याच्या घरी गेली, दार वाजवले. वर माडीवर कंदील जळत होता. म्हणजे माणसे जागी होती. पण दार उघडले नाही. नानी सगळ्यांना घेऊन मशिदीच्या ओट्यावर बसली. सकाळी नदीतून प्रेते वाहत गेली.

ते घर कुणाचे, ते मी लिहीत नाही. आमच्या घरापासून वीस पावलांवर आहे. नाना त्यांच्या घरच्या लग्नात बांगड्या भरायला जायचे, त्यांच्याकडून आमच्या घरी दिवाळीचा फराळ यायचा. त्या पुरानंतर सगळे बंद झाले. तीस वर्षे दोन्ही घरे एकमेकांसमोरून गेली आणि बोलली नाहीत. मधल्या काळात देशात जे जे झाले त्याने या गोष्टीला धार येत गेली. लहानपणी मी ऐकले ते "शेजाऱ्यांनी दार उघडलं नाही" असे होते. कॉलेजात होते तोपर्यंत ते "त्यांनी आपल्याला दार उघडलं नाही" असे झाले होते. शब्द दोनच बदलले.

आणि मला ते आठवते! नानीच्या लुगड्याचा ओला पदर माझ्या मुठीत आहे, वर पिवळा उजेड आहे, कुणीतरी कडी वाजवते आहे. मैत्रिणींना मी हे कितीदा सांगितले असेल. एकदा तर वक्तृत्व स्पर्धेत सांगितले आणि बक्षीस मिळवले.

माझा जन्म नोव्हेंबर १९९० चा. मोवाडच्या रात्री मी आठ महिन्यांची होते. इतके साधे गणित मी कधी मांडले नव्हते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर माझा विश्वास नाही. त्यात आमच्या समाजातली निम्मी मुले १ जूनला जन्मतात, कारण हेडमास्तरांना तीच तारीख सोयीची. पण माझ्याकडे महानगरपालिकेचा जन्मदाखला आहे. आठ महिन्यांच्या लेकराला कडीचा आवाज आठवत नाही.

पुढच्या सुट्टीत आजोळी गेले. त्या घरासमोरून जाताना सहज वर पाहिले. माडीच्या कठड्याखाली ओल्या सिमेंटात बोटाने कोरलेले साल होते : १९९३. म्हणजे १९९१ मध्ये माडीच नव्हती. कंदील कुठे जळत होता मग?

मी धावतच घरी आले आणि मोठ्या मामूंना सांगितले. माझा आवाज चढला होता हे आता कबूल करते. तीस वर्षे आपण त्या माणसांवर खोटा आळ घेतला, आपण एकमेकांना सांगून सांगून ही आठवण तयार केली, असे सगळे बोलले. बार्टलेट, रोडिगर सगळे सांगितले. मामूंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बेटा, दार मी वाजवलं होतं." एवढे बोलून ते नमाजला गेले.

अमरावतीला परतल्यावर मी सुटीत दोन गोष्टी वाचल्या. दोन्ही माझ्या घराजवळच्या होत्या, पण मी त्यांना कधी एकत्र ठेवले नव्हते.

पहिली, रिद्धपूरची. आमच्याच जिल्ह्यातले गाव. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात म्हाइंभटांनी इथे लीळाचरित्र जमवले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ माणसांच्या आठवणींतून उभा आहे. नागदेवाचार्यांनी जे स्वतः पाहिले ते सांगितले आणि जे दुसऱ्यांनी पाहिले ते त्यांनाच जाऊन विचारायला लावले. म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्याने पाहिले त्याच्याच तोंडून घ्यायचे, अशी ही शिस्त. पुढे दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि महानुभावांनी तो ग्रंथ पुन्हा आठवणीतून बांधला. हिराइसेला तो मुखोद्गत होता असे परंपरा सांगते. तिच्या नावाचा पाठ वेगळा आहे, दुसऱ्यांच्या नावांचे वेगळे आहेत. मला सर्वांत आवडली ती ही गोष्ट, की आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा त्या मळून एक गोळा केला नाही. कुणाचा पाठ कोणता, ते नावानिशी राहू दिले.

दुसरी गोष्ट मदरशात शिकलेल्या कुणालाही ठाऊक असेल, मला उशिरा कळली. हदीस जमवणाऱ्या मुहद्दिसांनी रावींची, म्हणजे कथन करणाऱ्यांची, कसून छाननी केली. रावी सच्चा आहे का, एवढेच ते पाहत नसत. सच्चा माणूसही चुकू शकतो हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांच्या दोषांच्या यादीत एक शब्द आहे, तल्कीन. समोरच्याने तोंडात शब्द घालायचा आणि रावीने तो आपला म्हणून स्वीकारायचा. कूफ्याचे सिमाक बिन हर्ब हे मोठे नाव. हिजरी सन १२३ मध्ये ते वारले. पण त्यांच्याबद्दल नोंद आहे की लोक त्यांना विचारत, हे इब्ने अब्बासांकडूनच ना? आणि ते हो म्हणत. शोबा नावाचे मुहद्दिस म्हणत की मी त्यांना कधी असे सुचवत नसे. बाराशे वर्षांपूर्वी या माणसाला कळले होते की प्रश्न कसा विचारला यावर आठवण ठरते. आणि दहा माणसांनी एकच गोष्ट सांगितली, पण दहाही जणांनी ती एकाच उस्तादाकडून ऐकली असेल, तर ती साखळी एकाचीच धरायची. कौंडण्यपूरचे चार साक्षीदार या मापाने किती भरतील? मुलांना मी हे सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग बकरीच एक साक्षीदार."

मी स्वतः मात्र आमच्या घरातल्या पुराला हे माप लावले नव्हते. ते लावायची वेळ वेगळ्याच कारणाने आली.

नानी गेल्या. चाळिसाव्यानंतर त्यांची पेटी उघडली. आत नानांचे जुने बहिश्ती जेवर होते. आमच्याकडे अशा किताबांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातले जन्ममृत्यू लिहायची रीत. नानांचे उर्दू अक्षर बांगड्यांसारखेच गोल. मामूंचे, अम्मीचे, खालांचे जन्म होते. दादा-परदादांच्या वफाती होत्या. मोवाडची रात्र हिजरी सालाने मुहर्रम १४१२ मध्ये येते. त्या सालापुढे काहीच नव्हते. तीन ओळी खाली होते : "सफर १४१५. नदी दालान तक आई. सब खैरियत."

सफर १४१५ म्हणजे १९९४ चा जुलै-ऑगस्ट.

मी खाली बसले. पूर मोवाडच्या रात्री आलाच नव्हता. तीन वर्षांनी आला होता. प्रेते आमच्या नदीतून गेली नव्हती. ती मोवाडची होती, रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून आमच्या घरात आलेली. नानांनी सब खैरियत लिहिले आहे. मोठ्या पुराने लहान पूर गिळला आणि आमच्या घराने, न ठरवता, आपली रात्र मोवाडला देऊन टाकली.

इटलीत टेर्नी गावी १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या मोर्च्यात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण पोलाद कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या संशोधकाने पुढे तिथल्या कामगारांना विचारले, तर अनेकांनी तो १९५३ च्या कामगार कपातीच्या लढ्यात मेला असे सांगितले. त्या लढ्याचे दुःख त्यांना मोठे वाटत होते, म्हणून मरणही तिकडे सरकले. आमचा पूर उलट बाजूला सरकला, एवढाच फरक.

पण याचा दुसरा अर्थ मला जास्त टोचला. १९९४ मध्ये माडी बांधून एक वर्ष झाले होते. कंदील माडीवर जळू शकत होता. आणि मी आठ महिन्यांची नव्हते, पावणेचार वर्षांची होते. एवढ्या वयातले काही काही आठवते. जन्मदाखला आणि सिमेंटातले साल, माझे दोन्ही पुरावे बरोबर होते. पण ज्या तारखेवर मी ते लावले ती तारीख मी घरच्यांकडून ऐकून घेतली होती आणि तपासली नव्हती. इतिहासाच्या बाईंनी सगळ्यांची आठवण खोटी ठरवली ती एका खोट्या आठवणीच्या जोरावर! मामूंपुढे तोंड दाखवायची लाज वाटली.

मग मी त्या घरी गेले. तीस वर्षांत आमच्यापैकी कुणी गेले नव्हते. म्हातारी काकू ओसरीत ज्वारी निवडत होत्या. आधी ओळखले नाही, मग अम्मीचे नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "तुहा चेहरा नानीवर गेला वं माय." चहा झाला. मी मनात ठरवून गेले होते की आपण एकही शब्द सुचवायचा नाही. कंदील म्हणायचे नाही, दार म्हणायचे नाही, साल म्हणायचे नाही. एवढेच विचारले, "काकू, नदी गावात आली होती त्या रातीचं काय आठवते?"

त्या बराच वेळ सूप हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी आलं तवा आमी माडीवर चढलो. नवीनच होती माडी. तुह्या नानीले दिसावं म्हून म्या कंदील कठड्याले टांगला. हाका मारल्या. पाण्याचा आवाजच लय होता. ते बाई आलीच नाई. मशिदीकडं गेली. आमाले वाटलं, आमच्या घरी याले जीव जड झाला असंल."

मी विचारले नव्हते तरी कंदील आला होता. दोन घरे तीस वर्षे बोलली नव्हती, म्हणून तर मी काकूंच्या कंदिलावर विश्वास ठेवते. तो आमच्या घरून तिकडे गेलेला नाही. आता पोरे गल्लीत एकत्र खेळत होतीच, एखादा शब्द इकडचा तिकडे गेलाही असेल. पण कंदील होता, असे मी लिहिते. आमच्या घरी तो दार न उघडल्याचा पुरावा होता. त्यांच्या घरी तो बोलावल्याचा पुरावा होता.

"आणि खाली कुणी कडी वाजवली का?" हे मात्र मला विचारावेच लागले. हीही तल्कीनच, मला कळत होते. काकू म्हणाल्या, "वाजवली असंल बी. आमी तं वर होतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे सांगत होते एखादखेपी, दार वाजल्यासारखं झालं म्हून. का म्याच तसं म्हणलं होतं, आता ध्यानात नाई." काका जाऊन बारा वर्षे झाली.

निघताना त्यांनी पदरात ज्वारी बांधून दिली. घरी येऊन मी मामूंना नानांचे पान दाखवले, काकू काय म्हणाल्या ते सांगितले, आणि त्या दिवशी चढल्या आवाजात बोलले त्याची माफी मागितली. मामूंनी चष्मा लावून पान दोनदा वाचले. "अब्बांनी घाईत लिहिलं असेल," ते म्हणाले, "साल चुकलं असेल. मोवाडचीच रात्र होती ती." पण संध्याकाळी त्यांनी स्वतः काकूंकडे माझ्या हातून शिरखुर्म्याचे भांडे पाठवले. ईदला अजून चार दिवस होते.

ईदच्या दिवशी सगळे जमले. जेवणानंतर मामूंनी पोरांना पुराची गोष्ट सांगितली. मोवाडची रात्र, ओला पदर, मशिदीचा ओटा. या वेळी प्रेते नव्हती, हे मी ऐकले. दाराशी आल्यावर ते थांबले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आम्ही दार वाजवलं, पण पाण्याचा आवाज फार होता." माझी आठ वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवर होती. ती म्हणाली, "आणि वरून काकू हाका मारत होत्या. मला ऐकू येत होत्या."